चित्रातल्या बाईचं कुंकू

प्रिय मीरा आणि निखिल,

गेल्या महिन्यात तुम्ही दोघं तिथल्या एका संग्रहालयात गेला होतात आणि तिथून मला फोनवर एक फोटो पाठवलात. जुन्या महायुद्धातलं भित्तिपत्रक होतं ते. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई, तिच्या मागे कारखान्याची धुरांडी, आणि खाली मोठ्या अक्षरांत बायकांना लढाईच्या कामासाठी बोलावणं. निखिल, तू विचारलं होतंस, "आजी, तुमच्याकडे असं काही होतं का?" मी "होतं" एवढंच उत्तर पाठवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट अशी छातीवर येऊन बसेल असं मला वाटलं नव्हतं.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, तरी इंग्रजीत लिहीत नाही. जिच्याविषयी लिहायचं, तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तिला न कळणाऱ्या भाषेत तिच्याविषयी बोलणं मला बरं वाटत नाही.

तिचं नाव द्वारकाबाई. अमडापूरला त्या ग्रामसेविका होत्या. गावोगावी जाऊन बायकांना परसबाग, बाळाची अंघोळ, विणकाम, बिनधुराची चूल असं काही ना काही शिकवायचं, हे त्यांचं सरकारी काम. तुमचे आजोबा तेव्हा तिथल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. लग्नाला वर्ष झालं होतं. नागपूरहून बी.ए. होऊन आलेली, इस्त्रीची पातळं नेसणारी, सगळं वेळेवर आणि नीटनेटकं लागणारी अशी मी होते. द्वारकाबाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पण मला मास्तरीणबाई म्हणत आणि अहोजाहो करत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका चित्राशी बोलताना. शाळेच्या व्हरांड्यात कुठल्याशा सरकारी योजनेचं चित्र लागलं होतं, पदर खोचून धान्य पाखडणारी हसरी बाई. द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून त्या चित्रासमोर उभ्या होत्या आणि शेजारीण विचारते तसं विचारत होत्या, "कोन्या गावची वं तू? घरी कोन कोन हाय? सकायपासून काही खाल्लं का तसंच हासून राह्यली?" मी मागे उभी आहे हे कळल्यावर त्या जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "पाह्यलं, मास्तरीणबाई? काहीच सांगत नाई. जी मले सांगत नाई, थी गावातल्या बायायले काय सांगन?"

पुढे कळलं की ही त्यांची रीतच होती. ब्लॉकच्या ऑफिसातून, म्हणजे चिखलीहून, चित्रं यायची. भिंतीला लावण्याआधी प्रत्येक चित्रातल्या बाईची अशी चौकशी व्हायची. उत्तरं मिळाली नाहीत तर त्या ते चित्र गुंडाळून ठेवत आणि तिथल्या साहेबांना सांगत की खळ संपली. "कागदावरची बाई घरची वाटली पाह्यजे," असं त्या म्हणत. "पाव्हनी आली तं बाया च्या पाजतात, आयकत नाईत."

खळ संपल्याचं साहेबांना सांगणं सोडलं तर त्या खोटं बोलत नसत. बायकांशी तर कधीच नाही. बिनधुराची चूल दाखवताना साहेबांचा आग्रह असे की धूर अजिबात होत नाही असं सांगा. द्वारकाबाई सांगत, "पयले आठ दिवस होते. मंग कमी होते." देवीची लस टोचायला माणूस आला की आयांना आधीच सांगून टाकत की पोराला ताप येईल, हात सुजेल, रात्रभर रडेल. साहेब म्हणायचे, तुम्ही अशाने एकही पोर टोचू देणार नाही. पण अमडापुरात पोरं टोचून घ्यायला रांग लागे. मी एकदा त्यांना याचं कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "माह्यापाशी दुसरं काय हाय, मास्तरीणबाई? ना घर ना दार. एक बोलणं हाय. थे खरं पाह्यजे."

घर नव्हतं हे खरंच होतं. त्यांचं सासर पिंपळगाव राजाला. सोळाव्या वर्षी नवरा गेला. बारा दिवस झाले आणि तेराव्या दिवशी सासऱ्याने त्यांचं लुगड्याचं गाठोडं ओट्यावर आणून ठेवलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मेथी निवडता निवडता. माहेरी भावाने ठेवून घेतलं, पुढे या कामाच्या शिक्षणाला पाठवलं. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हातात काही नाही, पांढऱ्यावर बारीक काळी फुलं असलेलं लुगडं. अशा बाईला पहाटे समोर पाहून माणसं वाट बदलत. त्या हसून सांगत की त्यामुळे चालायला रस्ता मोकळा मिळतो.

आता त्या वर्षाकडे येते. महाराष्ट्र राज्य होऊन अडीच वर्षं झाली होती आणि चीनशी लढाई सुरू झाली. वेचणीचे दिवस होते. बायका दिवसभर कापसात असत, आणि गावातल्या एकाच रेडिओभोवती माणसं जमत. जिथे लढाई चालली होती तो मुलूख कुठे आहे हे मी शाळेतल्या नकाशावर दाखवत असे. बायका विचारत, तिथून चिखली किती लांब? मी सांगे. मग त्या विचारत, तिथे थंडी किती? ते मला नीट सांगता येत नसे.

तेव्हा ती चित्रं आली. गोणपाटात गुंडाळलेला मोठा भारा होता. त्यात तीन प्रकार होते. एकात खाकी लोकर विणणारी बाई, दुसऱ्यात पांढऱ्या कपड्यातली नर्स, आणि तिसरं सर्वांत मोठं. त्या तिसऱ्यात एक तरुण बाई दोन्ही हातांत ताट धरून उभी होती. ताटात बांगड्या, हार, आणि डोरलं म्हणजे मंगळसूत्रातल्या सोन्याच्या वाट्या. मागे बर्फाचे डोंगर आणि बंदूक घेतलेला जवान. खाली लिहिलं होतं की भगिनींनो, देशाला तुमच्या सोन्याची गरज आहे. काम फार सुरेख होतं. मला ते चित्र पाहून रडू आलं, हे मी तुम्हाला खरं सांगते. ती बाई माझ्याकडेच पाहत होती.

द्वारकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं काही विचारलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "हे नका लावू."

पण साहेबांचा हुकूम होता, चित्रं लागली. दोन दिवसांत मला कारण कळलं. चित्रातल्या बाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मुंबईच्या चित्रकाराने ते का सोडलं असेल याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. कदाचित त्याला वाटलं असेल, ही सगळ्या धर्मांची, सगळ्या प्रांतांची बाई दिसावी. आमच्याकडे बांगड्या भरायला येणारी शकिनाबी चित्राजवळ थांबून म्हणाली होती, "ये तो हमारी लगती." पण मग डोरलं पाहून तीही पुढे गेली. बाकीच्या बायकांना त्या चित्रात एकच गोष्ट दिसत होती. मागे जवान, पुढे मोकळ्या कपाळाची बाई, ताटात काढलेलं डोरलं. त्यांनी ते अगदी सरळ वाचलं होतं. मागचा माणूस मेला आहे, ही त्याची विधवा आहे आणि सरकार विधवांचं सोनं गोळा करतं आहे. चित्रासमोरून जाताना बायका तोंडावर पदर घेऊ लागल्या. ज्यांची मुलं किंवा नवरे पलटणीत होते, त्या पाण्याला दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागल्या.

मला हे हास्यास्पद वाटलं आणि उपायही लगेच सुचला. शाळेत लाल रंगाची बाटली होती. मी द्वारकाबाईंना म्हटलं, आपण कुंकू लावून टाकू. भाऱ्यात उरलेली सगळी चित्रं आणि भिंतीवरची काढून आणलेली, अशी पंचवीस-तीस चित्रं आम्ही वर्गात जमिनीवर पसरली. एक कुंचला मी घेतला, दुसरा त्यांच्यापुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "कुंकू तुम्ही लावा. मी कागद धरते."

मी म्हटलं, "चित्र तर आहे, द्वारकाबाई."

"चित्र हाय म्हून तं लावून राह्यलो ना? नुसता कागद असता तं कायले लावलं असतं?"

त्या कोपरे दाबून धरत गेल्या आणि मी प्रत्येक कपाळावर ठसठशीत लाल टिकली काढत गेले. एका चित्राला रंगाचा ओघळ आला तर त्यांनी ते बाजूला काढायला लावलं. ओघळलेलं कुंकू कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून. मला त्या कामाचा फार अभिमान वाटला होता. शिकलेल्या माणसाने गावाला काय हवं ते ओळखलं, असं मी त्या दिवशी तुमच्या आजोबांना सांगितलंही.

आणि उपाय लागू पडला. चित्रं पुन्हा लागली तेव्हा बायका थांबून पाहू लागल्या. ही आता सवाष्ण होती. हिचा माणूस मागे जिवंत उभा होता, उलट हिने सोनं दिलं म्हणूनच जिवंत होता. एवढ्याशा लाल ठिपक्याने चित्राचा सगळा अर्थ उलटा झाला. विणकामाला बायका येऊ लागल्या. सुया कमी पडल्या तेव्हा द्वारकाबाईंनी सायकलच्या जुन्या तारा दगडावर घासून टोकं केली. आणि बाजाराच्या दिवशी, मजुरीला सुट्टी असते म्हणून, शाळेत सोन्याची सभा ठरली.

त्या सभेला सरस्वती आली. तिला सगळे सरू म्हणत. एकोणीस वर्षांची, मूलबाळ नाही, आई लहानपणीच गेलेली, बाप कुठल्याशा गावी सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारा गडी. तिचा नवरा दिगंबर पलटणीत होता, त्याच लढाईवर. तिची सासू राधाबाई सभेला आली नव्हती, घरी म्हैस व्यायला झाली होती. कुणी अंगठी दिली, कुणी कानातलं दिलं. सरूजवळ डोरल्याशिवाय सोनं नव्हतं. तिने दोरा सोडवून डोरल्याच्या दोन्ही वाट्या हातात घेतल्या आणि आमच्या टेबलाशी आली. गळ्यात काळी पोत होती, ती तिने ठेवली होती. आजूबाजूला बायकांचा गलका चालला होता. तिने हळूच विचारलं की बाई, हे दिल्यानं काही होत तर नाही ना?

द्वारकाबाई म्हणाल्या, "मले नाई मालूम, माय. मन नसन होत तं घरी जाय. कोनी काही म्हननार नाई."

सरूचा हात मागे जाऊ लागला. तेव्हा मी बोलले. पुढे वाकून, तिच्या कानाशी, शांतपणे मी म्हटलं, "काही होत नाही, सरस्वती. त्या चित्रातल्या बाईकडे पाहा."

तिने भिंतीवर पाहिलं. मी काढलेलं कुंकू तिने पाहिलं. आणि वाट्या टेबलावर ठेवल्या. द्वारकाबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

राधाबाई दोन दिवस सुनेशी बोलली नाही. मग ब्लॉकचे साहेब स्वतः घरी येऊन शाबासकी देऊन गेले तशी निवळली. लढाईही थांबली. दिगंबर येईल म्हणून घर सारवून झालं.

तार आली ती शाळेत. गावात इंग्रजी वाचणारे आम्ही दोघं-तिघं, म्हणून पोस्टमन आधी माझ्याकडे येई. मी वाचली. दिगंबर कामी आला होता. मी तशीच द्वारकाबाईंकडे गेले आणि आम्ही दोघी राधाबाईच्या घरी गेलो. सांगितलं द्वारकाबाईंनी. त्यानंतरचा आकांत मी लिहीत नाही.

थोड्या वेळाने अंगण बायकांनी भरलं. मग तो प्रकार सुरू झाला जो तुम्ही कधी पाहिला नाही आणि पाहू नये. सरूला मध्ये बसवलं. बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. एक म्हातारी पुढे झाली, डोरलं काढायला तिने सरूच्या गळ्याशी हात नेला. हात तिथे चाचपत राहिला. पोतीतून फिरला, पुन्हा फिरला. मग ती म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिनं तं आधीच काढून ठेवलं होतं."

रडणं थांबलं. चाळीस-पन्नास बायका एकाच वेळी एकच विचार करत होत्या आणि तो विचार तोंडावर स्पष्ट दिसत होता. ज्या बायकांनी स्वतः अंगठ्या दिल्या होत्या, खाकी लोकर विणली होती, त्यादेखील. राधाबाई उठून उभी राहिली. ती ओरडली नाही. म्हणाली, "ऊठ. निंघ माह्या घरातून."

सरू हलली नाही. राधाबाईने तिचा दंड धरला आणि उठवायला लागली. मी मध्ये पडले. माझ्या हातात तार होती. मी सगळ्यांना वाचून दाखवलं, तारखा बोटांवर मोजून दाखवल्या. दिगंबर गेला तो आपल्या सभेच्या बारा दिवस आधी गेला. तेव्हा डोरलं सरूच्या गळ्यातच होतं. याचा त्याचा काहीही संबंध नाही. मी जे सांगत होते ते बिनचूक होतं आणि मला वाटत होतं की ते ऐकून आता सगळं थांबेल.

राधाबाईने माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तारीख तुमच्या कागदातली, बाई. पोरगं माहं होतं."

आणि तिने पुन्हा सरूचा दंड धरला. विचारलं, "कोनं सांगितलं होतं तुले, काही होत नाई म्हून? बोल. कोनं सांगितलं?"

सरूने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. माझ्या पोटात तेव्हा तुमची आई होती, चौथा महिना. आणि माझ्या मागून, दाराशी उभ्या असलेल्या द्वारकाबाई पुढे आल्या.

"तिले काऊन बोलता, राधाबाई? डोरलं म्या मांगलं. काही होत नाई म्हून म्याच सांगितलं. पोरगी नाई म्हनत होती."

राधाबाईने सरूचा दंड सोडला.

द्वारकाबाईंनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. "आन चित्रातल्या बाईले कुंकू लावलं थे बी म्याच. ह्या हातानं."

मी तिथे उभी होते. त्या बाईने कुंचल्याला हातदेखील लावला नव्हता हे मला माहीत होतं. त्यांनी सरूला घरी जा म्हटलं होतं हे मला माहीत होतं. ज्या बाईने चुलीच्या धुराविषयीसुद्धा खोटं सांगितलं नाही, ती भर अंगणात एकामागून एक तीन वाक्यं खोटी बोलत होती आणि तिचा आवाज जराही हलत नव्हता. मला धक्का बसला तो त्या खोट्याचा नव्हे. ते खोटं ऐकल्याबरोबर सगळ्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, तिचा. विधवेच्या हाताचं कुंकू. म्हणजे कारण सापडलं. माझ्या बारा दिवसांच्या हिशेबाने जे झालं नव्हतं ते त्या दोन हातांनी झालं.

राधाबाईने चुलीतली राख मुठीत घेतली आणि द्वारकाबाईंच्या तोंडावर फेकली. मग दुसरी मूठ. मग इतर बायका उठल्या. त्यांनी द्वारकाबाईंना ढकलत अंगणाबाहेर नेलं. कुणीतरी मागून शेणाचा गोळा मारला. द्वारकाबाई पळाल्या नाहीत, नेहमीच्या चालीने चालत गेल्या. त्यांना घालवून राधाबाई परत आली आणि सरूजवळ खाली बसली. मग तिने सुनेचं डोकं ओढून मांडीवर घेतलं आणि दोघी रडू लागल्या. आता ती रागावू शकत होती आणि सुनेला जवळही धरू शकत होती.

मी बोलले नाही. पुढे कित्येक वर्षं मी मनाशी म्हणत आले की बोलले असते तर द्वारकाबाईंनी केलेलं सगळं फुकट गेलं असतं, सरूला पुन्हा घराबाहेर काढलं असतं. ते खरं आहे. पण मुलांनो, मी गप्प बसले तेव्हा हा विचार माझ्या मनात नव्हता. तेव्हा मी घाबरले होते. विचार घरी पोचल्यावर आला.

त्या संध्याकाळी पोलीस पाटलाने गावातली सगळी चित्रं फाडायला लावली. दुसऱ्या दिवसापासून द्वारकाबाईंना अमडापुरात कुणी दार उघडलं नाही. त्या ओट्यावर आल्या की आतून कडी लागे. विणकामाला आणलेल्या तारा कुणीतरी त्यांच्या खोलीपुढे टाकून गेलं. पंधरा दिवसांत त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्याला.

मी त्यांना एसटीवर पोचवायला गेले. एक ट्रंक आणि एक वळकटी. स्टँडवर बायका होत्या, त्या आमच्यापासून लांब सरकून उभ्या राहिल्या. मी मनाशी ठरवून आले होते. म्हटलं, द्वारकाबाई, मी आज जाऊन राधाबाईला खरं सांगणार आहे, कुंकू मी लावलं, बोलले मी.

"सांगा," त्या म्हणाल्या. "मंग सरूले तुमच्या घरी ठेवसान?"

मी म्हटलं, "ठेवीन."

"किती दिवस?"

तुमच्या आजोबांचीही दोन वर्षांत बदली व्हायची होती. द्वारकाबाईंनी माझी अडचण पाहिली, आणि त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एरवी त्या सवाष्णीला, त्यातून दिवस गेलेल्या बाईला, हात लावत नसत.

"गावाले कोनी तरी लागतेच, मास्तरीणबाई. मले ब्लॉक दुसरं गाव देते. सरूले बदली नाई भेटत."

मग त्या जरा हसल्या आणि म्हणाल्या की तुम्ही चित्र फार चांगलं केलं होतं, हे मात्र खरं. "सगळ्या बायांनी आयकलं. मी तं दहा वर्षं बोलून राह्यली, पन एवढं माह्यं कोनी नाई आयकलं." हे त्या टोचून बोलल्या नाहीत. त्यांना खरोखर नवल वाटत होतं. तेच मला सर्वांत जास्त लागलं.

सोनाळ्याहून त्यांची वर्षाकाठी एक-दोन पत्रं येत, दुसऱ्याच्या हातून लिहिलेली, कारण त्यांचं लिहिणं कामापुरतंच होतं. त्यात भेंडीचं बी, हगवण, विहिरीवरची भांडणं, सगळं असे. अमडापूरचं नाव कधी नसे. तीन वर्षांनी दुसरी लढाई झाली, पुन्हा चित्रं आली. तेव्हा आम्ही खामगावला होतो. मला बोलावणं आलं की तुम्ही शिकलेल्या, बायकांसमोर बोला. मी तब्येतीचं कारण सांगितलं. द्वारकाबाईंनी मात्र सोनाळ्यात चित्रं लावली आणि पत्रात कळवलं की बायांना लोकर दिली, सोनं मागितलं नाही, आणि मी ज्याला त्याला खरी गोष्ट सांगते की आपल्या विणण्यानं थंडी कमी होते, गोळी थांबत नाही. निवृत्तीनंतर त्या तिथेच राहिल्या आणि तिथेच गेल्या. मला कळलं तेव्हा महिना उलटला होता. त्यांच्या चितेला गावातली माणसं होती असं ऐकलं. त्यावरून सोनाळ्याने त्यांना आपलं मानलं असं मी धरते.

निखिल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढं आहे. चित्राची ताकद मोठी असते. ते बाईला कसं बोलावतं, हे मी स्वतः कुंचला हातात घेऊन पाहिलं आहे. तिला तिच्यासारखीच बाई दाखवायची आणि तिला जे हवं आहे ते त्या बाईला देऊन टाकायचं. मग ती काहीही देते. चित्र बोलावून घेतं, पण पुढे तिच्या अंगणात जे होतं तिथे चित्र येत नाही. तिथे कुणा माणसालाच यावं लागतं. मी त्या अंगणात होते आणि पुढे झाले नाही, हे तुम्हाला तुमच्या आजीविषयी माहीत असावं. राधाबाई गेली, द्वारकाबाई गेल्या, आता हे सांगून कुणाचं घर जात नाही.

त्या चित्रांपैकी एकही उरलेलं नाही. सरूला राधाबाईने शेवटपर्यंत अंतर दिलं नाही, म्हातारपणी तिचं सगळं सरूनेच केलं. सरू आहे. अमडापूरला, त्याच घरात राहते. शेताच्या सातबाऱ्यावर तिचं नाव आहे.